मणेरणीनं वाढवलेला चुडा

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका, पुढच्यांनी मांडी आवरा. देवाच्या दारात जागा कधी कमी पडत नाही — मांड्या जास्त होतात! बापू, मृदंग जरा थांबवा. आधी एक प्रश्न टाकते, मग वाजवा हवं तेवढं.

प्रश्न साधा आहे. वाटेत माणूस भेटलं की आपण विचारतो, ‘काय, बरं आहे ना?’ घरातही विचारतो. आता तर हातातली घड्याळं विचारतात, फोन विचारतात. सगळं जग एकमेकाला ‘बरं आहे ना’ विचारत सुटलंय! तर मंडळी, हे विचारणं कशासाठी? समोरच्याचं दुखणं ऐकायला? का ‘बरं आहे’ एवढं एकदा कानावर पडलं की आपण आपल्या वाटेला मोकळं व्हायला? आणि दुसरं असेल, तर त्या विचारण्याचं पुण्य लागतं — का पाप?

मान हलवू नका. अजून उत्तर आलेलं नाही. आधी ऐका.

पोथीत ह्याचं उत्तर असेल. मला पोथी धड वाचता येत नाही. दुसरी पास झाले आणि तिसरीच्या पहिल्याच दिवशी घरची म्हैस व्याली; खरवस खायला घरी राहिले ती राहिलेच. त्यामुळं राजाराणीचं आख्यान आज नाही. आज माझ्याच घरातलं. आणि आधीच सांगून टाकते — ह्यात जी बाई चुकली, ती तुमच्यासमोर चिपळ्या घेऊन उभी आहे. मागनं कुजबुजायचा त्रास नको!

आमचं गाव वाघजाईवाडी. घरात आम्ही चौघं. आमचे मालक — माळकरी माणूस, माझ्यापुढं बोलत नाहीत. बाहेर बोलतात का ते मी कधी विचारलं नाही. मुलगा धैर्यशील, तालुक्याला खतांचं दुकान. आणि सून शलाका. पुण्याच्या एका कंपनीत कामाला, पण काम घरातनं करायचं. माडीवरच्या खोलीत दार लावून, कानाला ते लावून, समोर कॉम्प्युटर. सकाळी नऊला बसली की संध्याकाळी सातला उठायची.

आता मी काय म्हणायचे? शेजारणीला सांगायचे, “आमची सून दिवसभर खुर्चीत बसते, आणि रात्री म्हणते दमले! बसून कुणी दमतं का गं? मग आमची गवरी थापायची पाटी काय वाऱ्यावर भरत होती?” शेजारीण हसायची. मला बरं वाटायचं. मंडळी, दुसऱ्याचं काम हलकं म्हटलं की आपलं आपोआप भारी होतं — फुकटात! असं फुकट मिळालेलं वजन मी पुष्कळ वर्षं अंगावर मिरवलं.

पुढं शलाकाला दिवस गेले. घरात आनंद. आणि त्या कंपनीनं काय केलं? तिला एक घड्याळ पाठवलं आणि फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. घड्याळ पावलं मोजणार, झोप मोजणार, नाडी मोजणार. आणि फोनमधली बाई रोज सकाळी गोड आवाजात पाच प्रश्न विचारणार. डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढं अंधारी येते का? हाताला, तोंडाला सूज आहे का? पोटात दुखतं का? बाळ हलतंय का? शलाकानं ‘हो’, नाहीतर ‘नाही’ दाबायचं. सगळं ठीक असलं की पडद्यावर एक हिरवं पान यायचं. काही बिनसलं तर पान पिवळं, आणि तालुक्याच्या दवाखान्यातनं लगेच फोन — या म्हणून.

मला त्या बाईचा राग आला. का आला? म्हटलं, घरात सासू बसलीय, दोन बाळंतपणं केलेली, आणि हे विचारायला ही कोण टिकोजी? धैर्यशीलला म्हणाले, “तुझ्या वेळेला मी आठव्या महिन्यात ऊस बांधत होते. तेव्हा कुठलं पान उगवलं होतं रे?”

तो म्हणाला, “आई, तुझा काळ वेगळा.”

“काळ वेगळा असेल, पोट तेच आहे!”

आता हसताय. मीही हसले होते, जिंकल्यासारखी. पण खरं सांगू? ती फोनमधली बाई रोज जे पाच प्रश्न विचारायची, ते मी घरची सासू असून एकदा तरी विचारले होते का? नाही. मी काय विचारायचे? “जेवलीस का? दूध प्यायलीस का? माहेरनं फोन आला का?” ह्यापुढं माझी गाडी कधी गेली नाही. आणि राग कुणाचा? जी विचारत होती तिचा! बघा माणसाचं मन कसं असतं. आपण दिवा लावायचा नाही, आणि शेजाऱ्यानं लावला तर उजेड डोळ्यात जातो.

सहावा सरताना एके सकाळी शलाकाचं डोकं दुखत होतं. तिनं ‘हो’ दाबलं. पान पिवळं! दहा मिनिटांत फोन. दुकान बंद करून धैर्यशील आला, गाडी काढली, तालुक्याला गेले. तिथं रांग, तपासणी, रक्त, लघवी. संध्याकाळी परत आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आत्ता ठीक आहे, पण पुन्हा असं वाटलं तर लगेच यायचं, कंटाळा करायचा नाही.

मी त्यातलं किती ऐकलं? ‘ठीक आहे’ — एवढंच. बाकीचं वाक्य दारातच राहिलं. म्हटलं, “बघा, एका डोकेदुखीपायी दिवस गेला. सुंठ लावली असती कपाळाला, तर काम झालं असतं.”

आता लक्ष द्या. आख्यान इथनं वळतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. आमच्या घरात तीस वर्षांत पहिलं! मी हात आखडला नाही. दीडशे बायका सांगितल्या. फुलांचा झोपाळा, फुलांचा मुकुट, मागं पुठ्ठ्याचा एवढा मोठा चंद्र — त्याच्यावर सुनेनं बसायचं म्हणे. फोटोवाला सांगितला. पाच भाज्या, सात गोड पदार्थ, आचारी साताऱ्याचा. भावकीतल्या एका बाईनं आपल्या सुनेचं नुसत्या पेढा-बर्फीवर भागवलं होतं, तिला दिसायला नको का, घर कशाला म्हणतात?

चार दिवस राहिले. सकाळी मी चहा घेऊन माडीवर गेले तर शलाका बोटातली अंगठी काढत बसलेली. निघेना. बोट लाल झालेलं.

“आई, कालपासून निघत नाही ही. तोंडही जड वाटतंय.”

मी बघितलं. मंडळी, देवाशपथ सांगते, मी बघितलं! तोंड फुगलेलं होतं. डोळ्यांखाली पिशव्या होत्या. आणि मी काय म्हणाले? “अगं, तेज आलंय तोंडावर. अंगानं भरलीस. साबण लाव, निघेल अंगठी.”

तेवढ्यात फोनमधली बाई बोलायला लागली. गोड आवाज. ‘हाताला किंवा तोंडाला सूज आहे का?’

शलाकाचं बोट ‘हो’कडं गेलं. आणि मी म्हणाले —

ऐका हां, हे मी आजवर कुठल्या कीर्तनात सांगितलेलं नाही —

मी म्हणाले, “नाही दाब.”

ती थांबली. “आई, पण—”

“पण काय? हो दाबलंस की पळवतील दवाखान्यात. ठेवून घेतील चार दिवस. दीडशे माणसांना काय सांगू? सून फुगली म्हणून जेवण रद्द? गरोदर बाईचे हातपाय सुजायचेच. दाब नाही.”

तिनं दाबलं. पडद्यावर हिरवं पान आलं. टवटवीत! दुसऱ्या दिवशी मी वर गेले नाही, पण पान हिरवं. तिसऱ्या दिवशी हिरवं. एकदा सांगितलं, ते पोरीनं चारही दिवस पाळलं. सुनेनं सासूचं ऐकावं असं आपण म्हणतो ना? ऐकलं तिनं.

यंत्र विचारत होतं मंडळी. खोटं मी बोलले.

बापू, आता एक ठेका द्या हलका. थोडं पाणी पिते.

हं. आता डोहाळजेवणाचा दिवस. बायका दुपारच्या, पण हिरवा चुडा सकाळी भरायचा. आमच्याकडं बांगड्या भरायला हमीदा मणेरीण. तिची सासू माझ्या लग्नाला बांगड्या भरायला आली होती, तेव्हा ही नवी सून म्हणून पाटी धरून मागं उभी होती. चाळीस वर्षं झाली. पंचक्रोशीतल्या प्रत्येक बाईचं माप तिला तोंडपाठ. वही नाही, काही नाही. तुम्ही नुसता उंबऱ्यात हात दाखवा, ती सांगणार, “तुमचं दोन-सहा, पर उजवा हात जरा कडक हाय.”

आली. ओसरीवर पाटी ठेवली, हिरव्या बांगड्यांच्या माळा सोडल्या. शलाका पाटावर बसली. हमीदानं तिचा हात हातात घेतला.

आणि थांबली.

मणेरीण हात कसा धरते ठाऊक आहे ना? अंगठा तळव्यावर, बोटं पाठीवर. हात मळते, मऊ करते, गप्पा मारता मारता बांगडी कधी चढली ते कळत नाही. पण त्या दिवशी गप्पा नाहीत. हमीदा नुसती तो हात उलटासुलटा करत बसली. माझी एक ओवी आहे, मीच केलेली:

हात हाती घेतला, तेव्हा कळलं दुखणं,
दुरून बघणाऱ्याला दिसे नुसतं देखणं.

हमीदा म्हणाली, “अक्का, हे दोन-चारचं माप हाय. तीन हप्त्यांमागं मीच भरलंय.”

“मग?”

“आता दोन-आठ बी जायचं न्हाई.”

“अगं, पोटुशी बाई अंगानं भरते. मोठं माप काढ. उगाच लांबड लावू नकोस, आचारी खोळंबलाय माझा.”

तिनं दोन-आठ काढलं. तेलाचं बोट लावलं. एकेक करत सहा बांगड्या कशाबशा गाठीवरनं पलीकडं गेल्या, आणि मनगटाच्या वर रुतल्या. पुढं जाईनात, मागं येईनात. हमीदानं हाताच्या पाठीवर अंगठा दाबला आणि उचलला. मंडळी, खड्डा पडला! ओल्या मातीत पडावा तसा. आणि तो भरेना. आम्ही सगळ्या बघत बसलो, तो खड्डा तसाच.

“पोरी,” हमीदा हळू आवाजात म्हणाली, “डोकं दुखतंय का गं?”

मी म्हणाले, “काही दुखत नाही. रात्री झोप नाही झाली, एवढंच.”

हमीदानं माझ्याकडं बघितलंच नाही. मी बोललेच नाही असं समजून पुन्हा तिलाच म्हणाली, “डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात का?”

आणि शलाकानं काय केलं? उत्तर दिलं नाही. तिनं आधी माझ्याकडं बघितलं.

डोकं तिचं! डोळे तिचे! काजवे तिच्या डोळ्यापुढं! आणि ‘हो’ म्हणायची परवानगी — माझी!

मी काही बोलले नाही. बोलले नाही एवढंच त्या दिवसातलं माझं चांगलं काम.

शलाका म्हणाली, “कालपासून. उजव्या डोळ्याला धूसर दिसतंय. आणि इथं, बरगडीखाली दुखतंय.”

झालं! हमीदानं तिचं मनगट पाटाच्या कडेवर टेकवलं, हाताखाली आपला पदर घातला आणि पाटीतल्या सांडशीनं पहिली बांगडी कट्कन वाढवली.

तरण्या पोरींना सांगते, बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. सवाष्णीच्या हातातली बांगडी — तीही पोटुशीच्या, तीही हिरव्या चुड्यातली, तीही डोहाळजेवणाच्या सकाळी! दुसरी वाढवली. तिसरी वाढवली. ओसरीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. माझी जाऊ ‘अगं बाई’ म्हणून भिंतीला टेकली. आणि माझी जीभ? ती काय म्यानात राहणारी!

“अवदसे! माझ्या घरात, माझ्या उंबऱ्यात, आजच्या दिवशी चुडा वाढवतेस? हात झडतील तुझे! ऊठ! उचल तुझी पाटी!”

ती उठली नाही. सहाच्या सहा वाढवल्या. काचा पदरात गोळा केल्या. पोरीच्या हाताला एक ओरखडा नाही. मग वर बघितलं.

“शिव्या मागनं घाल अक्का. चाळीस वर्सं मी हात बघते, दुसरं काय बघत न्हाई. चरबी अशी चढत न्हाई, पाणी चढतंय. वरच्या आळीला एका पोरीचा हात असाच लागला होता माझ्या हाताला. सात वर्सं झाली. माझ्या मनात आलं होतं, बोलावं. पर म्हटलं, मोठ्यांचं घर, आपण बांगड्या भराव्या आन् जावं. भरल्या. आले. चौथ्या दिवशी ती पोर त्याच बांगड्यांसकट गेली. तवा गप बसले. आज बसायची न्हाई. पाप लागायचं ते मला लागू दे. हिला गाडीत घाल.”

मी ओसरीवरनंच धैर्यशीलला हाक मारली.

धैर्यशीलनं गाडी काढली. मागं शलाका आडवी, डोकं माझ्या मांडीवर. गाडीत ते पोरगं फोन बघतंय आणि म्हणतंय, “आई, पण ह्यात तर सगळं व्यवस्थित आहे गं! आज सकाळचंसुद्धा पान हिरवं आहे!” हातातल्या घड्याळानं तेवढ्यात टुणकन आवाज केला. शाबास म्हणत होतं. आज पाचशे पावलं झाली म्हणे!

मी म्हणाले, “धैर्या, ते हिरवं मी केलंय.”

त्यानं आरशातनं माझ्याकडं बघितलं. गाडी जोरात काढली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला. फुस्स फुस्स हवा भरली. आकडा बघितला, पुन्हा भरली. वरचा एकशे ऐंशी, खालचा एकशे वीस. मला आकड्यातलं कळत नाही, पण त्या बाईच्या तोंडावरचं कळलं. तिथनं धावपळ. एक सिस्टर इंजेक्शन भरते, दुसरी सलाईन लावते.

डॉक्टरीणबाईंनी फोन उघडला. “चार दिवस सूज नाही म्हणून नोंद आहे. आणि ही सूज आजची नाही. कधीपासून आहे?”

शलाका डोळे मिटून पडलेली. मुलगा माझ्याकडं बघतोय. मंडळी, मी हजार माणसांपुढं बोलते, पाय कापत नाहीत. त्या खोलीत चार माणसं होती.

म्हणाले, “चार दिवस झाले. तिला ‘नाही’ दाबायला मी सांगितलं. घरात कार्य होतं.”

ती माझ्या मुलीच्या वयाची बाई. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, “आजी, ह्या फोनला डोळे नाहीत. तुम्ही जे सांगाल तेवढंच त्याला दिसतं. तुम्हाला मात्र डोळे होते.” मग म्हणाली, “रक्तदाब फार चढलाय. झटका आला तर आई आणि बाळ, दोघंही हातची जातील. बाळ आजच काढावं लागेल. दिवस भरलेले नाहीत. काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही.”

आत न्यायच्या आधी मी शलाकाजवळ गेले. म्हटलं, “अगं पोरी, एवढं होत होतं तर बोलायचं नाहीस का मला? माझं नसतं ऐकायचं!”

ती काय म्हणाली असेल? दोष दिला असेल? नाही. एवढंच म्हणाली, “मला वाटलं, आई, तुम्हाला कळत असेल.”

आयुष्यभर मी लोकांना टोचून बोलले. टोचणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आणि ती टोचायला बोललीच नव्हती.

दारं लागली.

तिकडं घरी आचाऱ्याचं सगळं तयार. दीडशे बायका आल्या. आमच्या मालकांनी काय करावं? कधी न बोलणारा माणूस, दारात उभा राहिला आणि म्हणाला, “सून दवाखान्यात आहे. जेवण शिजलंय. दोन घास खा आणि तिच्यासाठी देवाला हात जोडा.” आणि बायका जेवल्या, हात जोडले. झोपाळा रिकामा, चंद्र रिकामा. ज्या बाईला घर दाखवायचं होतं, तीसुद्धा रडून गेली म्हणे. मी घर दाखवायला निघाले होते; माझ्या माघारी त्या माणसानं ते दाखवलं.

दोन तासांनी दार उघडलं. मुलगी झाली. दीड किलो! तुमच्या घरातल्या पाट्याचा वरवंटा जड असेल. शलाकाला शुद्ध होती, पण रक्तदाब उतरत नव्हता. तीन दिवस ती काठावर होती. आणि बाळ काचेच्या पेटीत. नाकाला नळी, पायाला दिवा, वर एक पडदा, त्यावर रेघा चालतायत.

आता तुम्ही म्हणाल, अक्का यंत्रांवर घसरणार! नाही घसरणार. मी त्या पेटीपुढं पदर पसरला मंडळी. जे यंत्र माझ्या नातीचा श्वास सांभाळत होतं, त्याला नावं ठेवणारी मी कोण? दुसऱ्या दिवशी सिस्टर आली, म्हणाली, “आजी, आईला अजून उठता येत नाही. तुम्ही हात स्वच्छ धुवा, दवाखान्याचा पुढनं उघडा सदरा घाला आणि बाळाला छातीशी उघडं धरा. अंगाची ऊब द्यायची. रोज जमेल तेवढा वेळ.”

म्हटलं, “ही पेटी ऊब देते ना?”

“देते. पण तुमच्या छातीचे ठोके नाही देत.”

घेतलं. चिमणीचं पिल्लू! आणि समोर पडद्यावर तिच्या काळजाची रेघ उड्या मारत होती, ती हळूहळू एका तालात यायला लागली. मला वाचता येत नाही, पण ताल कळतो. ती रेघ माझ्या छातीचा ठेका धरत होती. मी हलले नाही. पाठीला रग लागली, मान अवघडली, तरी नाही हलले. यंत्र मला सांगत होतं, आणि मी पहिल्यांदा त्याचं ऐकत होते.

तीस दिवसांनी दोघी घरी आल्या. ठणठणीत. शलाका आज पुन्हा कामाला बसते. आता दर दोन तासांनी मी माडी चढते. म्हणते, “ऊठ, दोन पावलं चाल.” बसून काम करणारं माणूसही दमतं, हे मला आता पटलंय, जरा उशिरा पटलं. आणि सकाळी फोनमधल्या बाईचे प्रश्न — आता बाळंतिणीचे — सुरू होतात तेव्हा मी खोलीबाहेर जाते. उत्तर तिचं. तिला देऊ दे.

राहिली हमीदा. जिला मी ‘हात झडतील’ म्हणाले होते. चाळीस वर्षं ती माझ्या दारात येत होती. तिचं दार मी कधी बघितलं नव्हतं. गेले. लहानसं घर, दारात बांगड्यांची पाटी. तिनं बसायला दिलं. मी आपली पावसाचं बोलले, भाजीचं बोलले. माफीचा शब्द गळ्यात अडकून बसला. दोन-आठच्या बांगडीसारखा! तिनं चहा आणला. मग तीच म्हणाली, “अक्का, पोरीचा हात कसा हाय आता?”

म्हटलं, “हमीदा, मी चुकले.”

ती म्हणाली, “मी हाताचं इचारलं.” आणि हसली.

तर मंडळी, प्रश्न कुठं होता आपला? विचारणं कशासाठी?

घड्याळं वाईट नाहीत. फोन वाईट नाही. दवाखाना वाईट नाही. विचारणाऱ्यांची काही कमी नाही आता. पण विचारणाऱ्याच्या आणि उत्तर देणाऱ्याच्या मध्ये जे माणूस उभं राहतं ना, ‘काही नाही हो, बरी आहे’ म्हणून — ते वाईट! डॉक्टर बाईला विचारतात, ‘कुठं दुखतं?’ आणि नवरा सांगतो, ‘पित्त आहे.’ तुझं पोट आहे का रे? म्हाताऱ्या बापाला पाहुणा विचारतो, ‘झोप लागते का?’ आणि लेक सांगतो, ‘मस्त घोरतात.’ तो घोरत नसतो बाबा, तो कण्हत असतो. पोराला मास्तर विचारतो, ‘शाळेत भीती वाटते का?’ आणि आई म्हणते, ‘छे, आमचा नाही घाबरत.’ तुमच्या घरात कुणाचं उत्तर तुम्ही देता? मनात आठवा. मी हात वर करायला सांगणार नाही. सगळेच हात वर होतील, आणि देऊळ लहान आहे.

नुसतं आठवून सुटका नाही. करूनच बघू. आत्ता.

ती बघा, तिसऱ्या खांबाजवळ. जांभळी साडी. हो, तूच गं. मघापासून बघतेय, तू चार वेळा कंबरेवर हात ठेवलास. घाबरू नकोस. नाव नाही विचारत. एवढंच विचारते — पोरी, बरी आहेस का?

…

नाही, नाही. शेजारच्या बाई, तुम्ही थांबा. ‘बरी आहे हो, जरा अवघडलीय’ हे तुम्ही म्हणालात. तुमचं मी ऐकलं. तुम्ही सासू ना? कळलं. मीही सासूच आहे. आता तोंडावर पदर घ्या, चिडा माझ्यावर, घरी जाऊन शिव्या द्या. पण आत्ता गप्प बसा.

बापू, ठेका नको. टाळकरी, टाळ खाली ठेवा. तो पंखासुद्धा बंद करा कुणीतरी, कर्रकर्र वाजतोय.

आणि तू सासूकडं बघू नकोस. माझ्याकडंही बघू नकोस. खाली बघून बोललीस तरी चालेल.

बोल बाई. आम्हाला कुणालाही घाई नाही.